११८ नेमकं कुणाचं?

पत्राचा सारांश: लिहिणाऱ्या ताई ब्रह्मपुरी तालुक्यातल्या, वय ३२. नवरा बुटीबोरीला कारखान्यात, पंधरा दिवसांतून एकदा घरी येतो. सासूबाई ५८ वर्षांच्या, सात वर्षांपासून शुगर. दोन वेळा मेटफॉर्मिन आणि सकाळी ग्लिमेपिराइड चालू होती. चार महिन्यांपूर्वी मोठ्या भासऱ्यांनी आठवडी बाजारातून 'पाच वनस्पतींचा अर्क' आणला. त्यात गुडमार, बिजा, जांभूळबी, कारलं, गुळवेल. बाटलीवर लिहिलंय, 'नैसर्गिक अँटिऑक्सिडंट, साखर मुळापासून बंद'. महिन्याचे १,४०० रुपये. सासूबाईंनी गोळ्या सोडल्या. गावातल्या शिबिरात साखर २८६ निघाली तशा ताई घाबरल्या. तेव्हापासून, म्हणजे दीड महिना, त्या कुणाला न सांगता दोन्ही गोळ्या कुटून सासूबाईंच्या वरणात घालत आहेत. मागच्या आठवड्यात उपाशीपोटी ११८ आली आणि घरात अर्काचा जयजयकार झाला. भासरे आता स्वतः बाटल्या विकतात. गावातल्या चौघांनी घेतल्या, त्यातले एक काका इन्सुलिनवर आहेत. 'सांगितलं तर घरात भांडण, नाही सांगितलं तर झोप लागत नाही. आमचे लोक अजून झाडपाल्यातच आहेत. त्यात खरंच काही असतं का?'

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा लक्ष बाटलीकडे होतं. दुसऱ्यांदा तुम्ही सहज लिहून गेलेल्या एका ओळीवर अडकले: 'नातू आजीच्याच ताटात जेवतो, म्हणून आईंची वाटी मी वेगळी वाढते.' बाकीचं नंतर बोलू. आज रात्रीच्या वरणात गोळी घालू नका. ग्लिमेपिराइडची एखादी गोळीसुद्धा चार वर्षांच्या लेकराची साखर जिवावर बेतेल इतकी खाली आणू शकते. वाटी वेगळी असली म्हणून काय झालं, आजी आपल्या वाटीतला घास नातवाला कधी भरवेल याचा नेम नसतो. शिवाय मेटफॉर्मिनच्या पाकिटावर 'एसआर' लिहिलेलं आहे का ते बघा. असेल तर ती गोळी पोटात हळूहळू विरघळावी म्हणूनच तशी बनवलेली असते. कुटली की दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

आणि ते रोवणीच्या दिवसांतलं. आई धुऱ्यावर बसल्या, अंगाला दरदरून घाम, हात थरथरत होते, गोड चहा पोटात गेल्यावर दहा मिनिटांत उठल्या. तुम्ही लिहिलंत, ऊन लागलं. ऊन लागलेला माणूस कपभर चहानं इतक्या लवकर उठून उभा राहत नाही. साखर खाली गेली असावी असा माझा दाट संशय आहे. त्या दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं असतं, तर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला असता, शुगरच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत? भासऱ्यांनी छातीठोकपणे सांगितलं असतं, एकही नाही. खरं माहीत असलेलं एकच माणूस, आणि तेच माणूस गप्प.

मी तुम्हाला दोष देत नाही. २८६ चा आकडा पाहून हातपाय गळालेल्या सुनेनं जे सुचलं ते केलं. पण आता थांबा.

आता तुमच्या त्या ११८ कडे येते. भासरे म्हणतात, हे अर्काचं. तुम्ही मनात म्हणता, हे माझ्या गोळ्यांचं. ताई, मला विचाराल तर दोघांकडेही पुरावा नाही. २८६ शिबिरात दुपारी, जेवणानंतर आली होती, हे तुम्हीच लिहिलंय. ११८ पहाटेची, उपाशीपोटी. या दोन आकड्यांची वजाबाकी होतच नाही, पायलीतून किलो वजा करण्यासारखं आहे ते. मधल्या काळात आईंनी तीन आठवडे रोवणी केली, चिखलात वाकून दिवसभर. तेवढ्या कष्टानंही साखर उतरते. गोळ्या, अर्क आणि रोवणी तिन्ही एकाच वेळी चालू होतं. श्रेय कुणाला द्यायचं हे मी इथं बसून सांगू शकत नाही आणि तुमच्या घरातही कुणी सांगू शकत नाही. पण गोळ्यांची गोष्ट झाकलेली राहिल्यामुळे सगळं श्रेय आपोआप बाटलीला गेलं, आणि त्या आकड्यावर चौघांनी पैसे मोजले. तुमची झोप उडाली आहे ती बहुधा यामुळे.

तुम्ही लिहिलंत, 'आमचे लोक अजून झाडपाल्यातच आहेत.' हे वाक्य मला खटकलं. मी आयुष्यभर औषधशास्त्र शिकवलं, आणि पहिल्या तासाला मुलांना गुडमारचं पान चघळायला लावत असे. तुम्हीही करून बघा. ताजं पान मिनिटभर चावा, थुंका, चूळ भरा आणि जिभेवर चिमूटभर साखर ठेवा. गोड लागणार नाही, वाळूचे कण तोंडात आल्यासारखं वाटेल. पानातली जिम्नेमिक आम्लं जिभेवरची गोडाची जाणीव काही वेळ बंद करतात. झाडपाल्यात काहीच नसतं म्हणणाऱ्याचं तोंड तिथेच बंद होतं. वर्गात एखादा मुलगा घाबरायचासुद्धा, की जीभ कायमची गेली.

मद्रासमध्ये गुडमारच्या अर्काचा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. २२ रुग्ण होते, रोज ४०० मिलिग्रॅम अर्क, दीड वर्षाच्या वर. त्यांची साखर सुधारली, काहींच्या गोळ्या कमी झाल्या, पाच जणांच्या सुटल्या. पण एक गोष्ट बघा, त्यांनी गोळ्या फेकून अर्क सुरू केला नव्हता. चालू गोळ्यांच्या जोडीला अर्क दिला, साखर मोजत राहिले आणि मग गोळ्या उतरवल्या. तसंच बिज्याचं. आपल्याकडे त्याच्या लाकडाचा पेला घरोघरी असायचा. माझ्या वडिलांचाही होता. रात्री पाणी भरून ठेवलं की सकाळी तांबूस तपकिरी व्हायचं, आणि उन्हात धरलं की त्यावर निळसर झाक दिसायची. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं, म्हणजे आयसीएमआरनं, बिज्याच्या म्हणजे विजयसाराच्या अर्कावर केलेला अभ्यास १९९८ मध्ये छापून आला. ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर बारा आठवड्यांत आटोक्यात आली. आकडा मोठा वाटतो. पण हे सगळे नुकतंच निदान झालेले, सौम्य आजाराचे रुग्ण होते, आणि तुलनेला अर्क न घेणारा गट नव्हता. सात वर्षांपासून दोन गोळ्यांवर असलेल्या तुमच्या आई त्या ९७ मध्ये बसल्याच नसत्या.

बाकीच्या तिघांचं थोडक्यात सांगते. जांभळाच्या पानांच्या चहाची ब्राझीलमध्ये नीट चाचणी झाली, साखरेत फरक पडला नाही. आपल्याकडे बी वापरतात, हे कबूल. कारल्यावरच्या अभ्यासांचा २०१२ साली एकत्र आढावा घेतला गेला आणि मधुमेहावर उपचार म्हणावा इतका पुरावा हाती लागला नाही. भाजी म्हणून कारलं उत्तमच. गुळवेलीबाबत २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं, त्यावर आयुष मंत्रालयानं विचारलं, ती वनस्पती गुळवेलच होती याची खात्री केली होती का? मला तो वाद महत्त्वाचा वाटतो तो याच प्रश्नासाठी. तुमच्या बाटलीतली गुळवेल ती गुळवेलच आहे, हे कोण सांगणार?

अर्काची अडचण हीच आहे. पान कोणत्या महिन्यात तोडलं, झाड कोवळं की जुनं, पाण्यात उकळलं की दारूत भिजवलं, यावर त्यात काय उतरतं ते ठरतं. गोळीवर ५०० लिहिलं की ५०० मिलिग्रॅम, ब्रह्मपुरीतही आणि नागपुरातही. तुमच्या बाटलीवर पाच नावं आहेत, पण कुणाचं किती ते नाही. परवाना क्रमांक नाही, बॅच नंबर नाही, तारीख नाही. आयुर्वेदिक औषधालाही हे सगळं कायद्यानं लागतं. आणखी एक शंका माझ्या मनात येते. अशा बाटलीनं साखर पहिल्या आठवड्यातच धाडकन उतरली, तर मला आनंद होत नाही, भीती वाटते. २००८ साली सिंगापूरमध्ये साखर एकदम खाली जाऊन १५० लोक इस्पितळात आले, चार दगावले. त्यांनी शुगरचं औषध घेतलंच नव्हतं. बेकायदा विकल्या जाणाऱ्या, काही तर जडीबुटीच्या नावाखालच्या शक्तिवर्धक गोळ्या घेतल्या होत्या, आणि त्यांत ग्लिबेनक्लॅमाइड हे शुगरचंच औषध मिसळलेलं निघालं. तुमच्या बाटलीत तसं आहे असं मी म्हणत नाही. पण नाही असंही कुणी म्हणू शकत नाही. आणि त्यावर तुम्ही रोज ग्लिमेपिराइड घालत होता.

आता तो भारदस्त शब्द, अँटिऑक्सिडंट. शरीरात प्राणवायू वापरला जाताना काही उपद्रवी कण तयार होतात, त्यांना शांत करणारे पदार्थ म्हणजे अँटिऑक्सिडंट. साखर सतत वाढलेली असली की हे कण जास्त होतात, इथवर खरं आहे. प्रयोगशाळेत याची एक सोपी चाचणी असते. डीपीपीएच नावाचं गर्द जांभळं द्रावण घ्यायचं, त्यात अर्क टाकायचा. जांभळा रंग उडून पिवळट झाला की अर्क दमदार. दिसायला फार छान दिसतं. माझ्या विद्यार्थ्यांनी आवळ्यानं केलंय, हळदीनं केलंय, एकदा तर कॅन्टीनच्या चहानंही केलं, आणि चहानंही रंग झकास उडवला. पण परीक्षानळीला ना पोट असतं ना यकृत. अर्क पचतो किती, रक्तात पोचतो किती, याबद्दल तो रंग काहीच बोलत नाही. आणि जास्त म्हणजे चांगलं हेही नाही. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली होती, निकाल १९९४ मध्ये आले. बीटा कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. आईंना आवळा, शेवग्याची भाजी, जांभळं खाऊ द्या, त्यासाठी १,४०० रुपयांची बाटली लागत नाही.

एक गोष्ट मात्र आईंना मुद्दाम सांगा, त्यांना आवडेल. ज्या मेटफॉर्मिनला त्या 'केमिकल' म्हणतात, तिचं मूळही झाडपाल्यातच आहे. युरोपात गॅलेगा नावाची जांभळ्या फुलांची एक वनस्पती होती, जुने लोक ती द्यायचे. तिच्यात साखर उतरवणारं द्रव्य सापडलं, पण ते विषारी, मेंढ्यासुद्धा मरायच्या. मग त्याच्याशी नातं सांगणारी, माणसाला सोसेल अशी रसायनं शोधली गेली, आणि १९५७ मध्ये पॅरिसच्या ज्याँ स्टर्न यांनी मेटफॉर्मिन रुग्णांना देऊन त्याचे निष्कर्ष छापले. ही गोळी म्हणजे त्या झाडपाल्याची नात आहे, फक्त विष काढलेली आणि मोजून दिलेली.

गोळीनं किडनी जाते असं आई म्हणतात. किडनी बिघडवते ती वाढलेली साखर. किडनी आधीच फार कमजोर झाली की डॉक्टर मेटफॉर्मिन बंद करतात, म्हणून लोकांना वाटतं गोळीनंच गेली. पण गोळीचं कौतुकही आंधळेपणानं नको. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेतल्यानं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तळपायाला मुंग्या येत असतील तर ते तपासून घ्यावं लागतं. आणि सुरुवातीला पोट बिघडतं.

इथं मला तुम्हालाच एक विचारायचंय. आईंनी गोळ्या नक्की अर्कामुळे सोडल्या का? पत्रात एक ओळ आहे, 'गोळी घेतली की वावरात त्रास होतो म्हणायच्या.' कसला त्रास, ते तुम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नसेल. मी अशा कितीतरी बायका पाहिल्या आहेत. गोळीनं पोट ढवळतं, दहा जणींच्या रांगेत रोवणी चाललेली, जवळ आडोसा नाही, आणि पुरुष बांध्या नांगरताहेत. सुनेला हे सांगायची लाज वाटते. मग दिरानं किंवा मुलानं बाटली आणली की ती सुटकाच वाटते. असं असेल तर आईंचं चुकलंय ते इतकंच, की त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही. उपाय अगदी साधे आहेत. गोळी भरपेट जेवणानंतर घ्यायची, डोस कमी करून हळूहळू वाढवायचा, नाहीतर एसआर गोळी, जी पोटाला बरीच सोसते, फक्त कुटायची नाही. एकदा चुलीपाशी दोघीच असताना विचारून बघा.

आता सांगायचं कसं. भासऱ्यांसमोर नको, नवरा घरी येईल त्या रविवारच्या बैठकीत तर मुळीच नको. उद्याच आईंना घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. सोबत बाटली, गोळ्यांची पाकिटं आणि शिबिराची चिठ्ठी घ्या. आत जाण्याआधी डॉक्टरांना किंवा सिस्टरला एकटीनं गाठून सगळं सांगा, वरणासकट. त्यांनी यापेक्षा भलतंसलतं पुष्कळ ऐकलेलं असतं. तिथं तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, करून मागा. तिथं होत नसेल तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात. ती कालच्या जेवणानं किंवा आजच्या उपासानं बदलत नाही. साडेसहा किंवा त्याच्या वर म्हणजे मधुमेह, आणि उपचार चालू असताना साधारण सातच्या आत ठेवायचा प्रयत्न असतो. किडनीसाठी क्रिएटिनिनही करून घ्या, आईंची भीती कागदावर मिटेल. पैशांची काळजी नको, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. दिवसाची मजुरी बुडते, ते मात्र खरं.

आईंना परत येताना, एसटीची वाट बघताना सांगा. सजवून सांगू नका. 'आई, माझं चुकलं जी. मी तुमच्या वरणात गोळ्या घालत होती. २८६ पाहून भेव लागलं होतं.' त्या चिडतील. दोन दिवस तुमच्या हातचं वरण खाणारही नाहीत कदाचित. तो त्यांचा हक्क आहे, त्यांच्या पोटात काय जातंय हे त्यांना विचारलंच गेलं नव्हतं, ना तुम्ही, ना बाटलीवाल्यानं. मग त्यांच्याशीच करार करा: तीन महिने बाटली बंद, गोळ्या डॉक्टर सांगतील तशा, उघडपणे. तीन महिन्यांनी पुन्हा तीच तपासणी. एका बाटलीच्या पैशात साधा ग्लुकोमीटर आणि थोड्या पट्ट्या येऊ शकतात. साखर त्यांनाच मोजू द्या, आकडा त्यांनाच वहीत लिहू द्या. बिज्याचं पाणी प्यायचंच असेल तर तेही त्या वहीत आणि डॉक्टरांच्या कानावर. आयुर्वेदाचं औषध हवं असेल तर नोंदणीकृत वैद्याकडे जा, बाजारातल्या चादरीवर नको. नागपुरात सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, तिथला वैद्य चालू गोळ्या आधी विचारेल. रात्री भिजवलेले मेथीदाणे खाल्ले तर बरंच, त्यातला चिकट तंतू साखर रक्तात हळू सोडतो, पण तोही गोळीच्या जोडीला. भाताबद्दल तुम्ही विचारलं नाही. तुमच्या भागात भात सोडा म्हणणं म्हणजे श्वास सोडा म्हणण्यासारखं आहे, म्हणून सोडा म्हणत नाही. ताटातला डोंगर अर्धा करा आणि ती जागा वरण-भाजीला द्या.

त्या इन्सुलिनवाल्या काकांसाठी मात्र तीन महिने थांबता येणार नाही, उद्याचा दिवसही जाऊ देऊ नका. इन्सुलिन परस्पर कमी केलं तर माणूस काही दिवसांत बेशुद्ध होऊ शकतो. आजच आशाताईंकडे जा. त्यांच्याकडे गावातल्या बीपी-शुगरवाल्यांची यादी असतेच. त्यांना एवढंच सांगा की त्या ११८ च्या मागे गोळ्याही होत्या. त्या चौघांच्या घरी जातील, तुमचं नाव घ्यायची गरज पडणार नाही.

भासऱ्यांशी भांडू नका. त्यांनीही आईच्या काळजीनंच बाटली आणली होती, विकायला लागले ते नंतर. नवऱ्याकरवी त्यांच्या कानावर एवढं घाला की ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायदा, १९५४ प्रमाणे मधुमेह बरा करण्याची जाहिरात करणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवलेला फोटोही जाहिरातीतच धरला जाऊ शकतो. बाटलीवाला पुढच्या बाजाराला दुसऱ्या गावी असेल, सापडतील ते तुमचे भासरे. हे कळलं की बहुतेक ते स्वतःच थांबतील, आणि आईसमोर त्यांचं तोंडही वाचेल.

शेवटचं, रोवणीत झालं तसं पुन्हा झालं तर: घाम, थरथर, एकदम भूक, बोलणं अडखळणं. शुद्ध असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, नंतर भाकर-भात खाऊ घाला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही ओतू नका, १०८ ला फोन करा. ग्लिमेपिराइडवरच्या माणसाची साखर वर येऊन पुन्हा खाली जाते, म्हणून बरं वाटलं तरी दवाखान्यात दाखवा. कापणीला आई वावरात जातील तेव्हा पदराच्या गाठीला साखरेची पुडी बांधून द्या, आणि सोबतच्या दोघी-तिघींना ती कशासाठी आहे ते सांगून ठेवा.

उद्या निघताना त्या बाटलीचं झाकण घट्ट लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा. एसटीत सांडली तर डॉक्टरांना दाखवायला काही उरणार नाही.